तार का तापली?

कलाशाखेची पदवी घेतलेल्या आणि वर्गात व्याकरण व कविता शिकविणाऱ्या शिक्षिकेने विजेवर लेख लिहावा, हे वार्षिकाच्या वाचकांस काहीसे विचित्र वाटेल. मलाही ते वाटते. परंतु या विषयाकडे मी हौसेने वळले नाही. एका अपघाताने मला तिकडे वळविले. अपघात म्हणण्यापेक्षा थोडक्यात टळलेला अनर्थ म्हणणे अधिक योग्य होईल. त्यातील चूक सर्वस्वी माझी होती.

कटंगीस येण्यापूर्वी मी दक्षिण कोकणातील एका शाळेत होते. तेथील स्नेहसंमेलनात मुलांच्या नाटकाची जबाबदारी माझ्याकडे आली. रंगमंचावर भरपूर उजेड हवा म्हणून आम्ही दोन मोठे हॅलोजन दिवे भाड्याने आणले. दिव्यांपर्यंत तार पुरेना, तेव्हा एका मुलाने घरून रिळावर गुंडाळलेली बारीक दुपदरी तार आणली. ती वीस मीटर लांब होती आणि आम्हांला लागणार होती जेमतेम सहा मीटर. उरलेली रिळावर तशीच राहू दिली, आणि कोणाच्या पायात येऊ नये म्हणून ते रीळ पडद्यामागे कपड्यांच्या गाठोड्याखाली सरकवून ठेवले. हा व्यवस्थितपणा मलाच सुचला होता. पहिला अंक निर्विघ्न पार पडला. दुसऱ्या अंकात राजाचे स्वगत चालू असताना पडद्यामागे जळक्या रबराचा वास येऊ लागला. नववीतील एका मुलीने धावत जाऊन बटण बंद केले. गाठोडे उचलून पाहतो तो रिळावरची वेटोळी एकमेकांत वितळून त्यांचा एक गोळा झालेला, आणि सर्वांत खालच्या धोतरावर हातभर तांबूस डाग. प्रेक्षकांना वाटले, वीज गेली. कोकणात त्याचे कोणास नवल नव्हते.

दुसऱ्या दिवशी आमच्या विज्ञानशिक्षकांनी मला दोनच प्रश्न विचारले. दिवे किती वॅटचे होते? तार किती जाडीची होती? मला दोहोंचे उत्तर ठाऊक नव्हते. त्यांनी दिव्याच्या पाठीवरील अक्षरे वाचली, तारेच्या वेष्टनावरील बारीक छाप वाचला, आणि एका पाठकोऱ्या कागदावर चार ओळींचे गणित मांडले. त्या गणितात गुणाकार, भागाकार आणि एक वर्ग, यांपलीकडे काही नव्हते. सातवीच्या मुलास येईल असे ते गणित मी पदवीधर असून केले नव्हते, ही गोष्ट मला फार लागली. त्या चार ओळी आज येथे उलगडून सांगावयाच्या आहेत.

विजेच्या कोणत्याही मंडलात आपणांस तीन गोष्टी मोजाव्या लागतात. वीज ढकलणारा दाब, तारेतून वाहणारा प्रवाह आणि त्या प्रवाहास वाटेत होणारा रोध. दाब व्होल्टमध्ये, प्रवाह अँपिअरमध्ये आणि रोध ओहममध्ये मोजतात. तुमच्यापैकी ज्यांची भावंडे हिंदी माध्यमात शिकतात त्यांच्या पुस्तकात प्रवाहाला 'धारा' आणि रोधाला 'प्रतिरोध' म्हटलेले आढळेल. नावे निराळी, वस्तू तीच.

हे समजावून देण्यासाठी पाण्याचा दाखला देण्याची जुनी रीत आहे. माझे बालपण सुपारीच्या कुळागरात गेले, त्यामुळे तो दाखला मला आपसूक सुचतो. डोंगरउतारावरून पाट काढावा, तर उतार जितका अधिक तितके पाणी जोराने येते. पाट अरुंद असेल, त्यात पालापाचोळा साचला असेल, तर तेच पाणी रेंगाळते. उतार म्हणजे दाब, पाणी म्हणजे प्रवाह, अरुंदपणा म्हणजे रोध. कटंगीच्या मुलांनी कुळागर पाहिले नसले तरी तलावाचे पाणी धानाच्या बांधीत घेताना हेच पाहिले आहे. मात्र हा दाखला फार ताणू नये. पाट फुटला तर पाणी बाहेर सांडते. तार तुटली तर वीज सांडत नाही, मंडलातील प्रवाहच थांबतो.

या तिहींतील नाते असे आहे: दाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध. म्हणून दाबास प्रवाहाने भागले की रोध मिळतो. समजा, विजेरीच्या लहानशा दिव्यावर २.५ व्होल्ट आणि ०.३ अँपिअर असे लिहिले आहे. २.५ भागिले ०.३ केले म्हणजे ८.३ येतात. तितके ओहम हा त्या पेटलेल्या दिव्याचा रोध. आणि दाब व प्रवाह यांचा गुणाकार केला तर मिळते शक्ती, म्हणजे दर सेकंदास खर्च होणारी ऊर्जा. २.५ गुणिले ०.३ म्हणजे ०.७५ वॅट. दोन आकडे हाती असले की भागाकाराने रोध आणि गुणाकाराने शक्ती. विषयाचा पाया एवढाच आहे.

हे नाते ज्याने शोधले तोही एक शाळामास्तर होता, हे मला पुढे वाचनात आढळले तेव्हा मनास थोडा धीर आला. गेओर्ग ओहम हा जर्मनीतील एर्लांगेन गावच्या कुलुपे बनविणाऱ्या कारागिराचा मुलगा. त्याचा जन्म १७८९ मधला. कोलोन शहरातील विद्यालयात तो गणित व भौतिकी शिकवीत असे, आणि शाळेच्या उपकरणांवर फावल्या वेळी प्रयोग करीत असे. त्याची मोठी अडचण अशी की त्या काळच्या विद्युत्-घटांचा दाब स्थिर राहत नसे. घट जोडावा तो जोर ओसरू लागे, आणि मग प्रवाह घटला तो तारेमुळे की घटामुळे, हे कळण्यास मार्ग नसे. त्यावर त्याने योजलेली युक्ती मला त्याच्या नियमाहून अधिक आवडते. तांबे आणि बिस्मथ या धातूंच्या पट्ट्यांचे दोन सांधे करून त्याने एक उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवला. अशा जोडणीतून वीज निर्माण होते हे थोड्याच वर्षांपूर्वी, १८२१ मध्ये, झेबेकने दाखविले होते. पाणी उकळत आहे आणि बर्फ वितळत आहे तोवर दोहोंची उष्णता बदलत नाही, म्हणून दाबही बदलत नाही. मग ओहमने निरनिराळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा एकामागून एक जोडल्या, आणि टांगलेली चुंबकसूची किती वळते यावरून प्रवाह मोजला. तार लांब, प्रवाह कमी, आणि तोही अगदी हिशेबाने कमी. १८२७ साली त्याने हे सर्व ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. स्वदेशात त्याचे स्वागत थंडपणे झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्यास कॉप्ली पदक दिले, आणि म्युनिकच्या विद्यापीठातील प्राध्यापकपद त्याच्या वाट्यास आले ते १८५२ मध्ये, म्हणजे मृत्यूपूर्वी अवघी दोन वर्षे.

ज्या साली ओहमला पदक मिळाले त्याच १८४१ साली इंग्लंडमध्ये जेम्स जूल या मद्यउत्पादकाच्या मुलाने दुसरा नियम प्रसिद्ध केला. आमच्या रिळाचा खरा न्याय या नियमात आहे. तारेत निर्माण होणारी उष्णता ही प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह दुप्पट केला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट केला तर नऊपट. हे वेगळे पाठ करण्याचीही गरज नाही. शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह, आणि दाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध. दुसरे पहिल्यात घातले की शक्ती म्हणजे प्रवाह गुणिले प्रवाह गुणिले रोध, असे आपोआप निघते.

आता त्या पाठकोऱ्या कागदाकडे वळू. तारेवर ०.५ चौरस मिलिमीटर असे छापलेले होते. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या, एक मीटर लांब तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७ ओहम असतो. आमची तार निम्म्या जाडीची, म्हणून मीटरला ०.०३४. लांबी वीस मीटर, परंतु वीज एका पदरातून जाते आणि दुसऱ्यातून परत येते, सबब हिशेब चाळीस मीटरांचा. गुणाकार केला की सुमारे १.४ ओहम येतो. आकडा क्षुल्लक दिसतो. मलाही तो तसा दिसला होता.

दिवे प्रत्येकी १००० वॅटचे. घरगुती दाब २३० व्होल्ट. एका दिव्याचा रोध काढावयाचा तर २३० चा वर्ग करून १००० ने भागावे, म्हणजे ५२.९ ओहम. एकच दिवा लावला असता तर तार आणि दिवा मिळून ५४.३ ओहम, आणि प्रवाह ४.२४ अँपिअर. त्याचा वर्ग १८, गुणिले १.४, म्हणजे तारेत २५ वॅट उष्णता. आम्ही दिवे लावले दोन. दोन दिवे शेजारी शेजारी जोडले की विजेस दोन वाटा मिळतात आणि एकूण रोध निम्मा होतो, म्हणजे २६.४५ ओहम. त्यात तारेचे १.४ मिळवून २३० ला भागले तर प्रवाह येतो ८.२६ अँपिअर. त्याचा वर्ग ६८, गुणिले १.४, म्हणजे ९५ वॅट. दिवा एकाचे दोन झाले आणि तारेची आच जवळजवळ चौपट झाली.

९५ वॅट म्हणजे जवळजवळ शंभराचा जुना बल्ब. तोच बल्ब वीस मीटर लांबीभर पसरला असता तर हाताला तार कोमट लागली असती, एवढेच. आम्ही त्याची वेटोळी करून, त्यांतील बरीचशी उष्णता एका रिळात कोंडून, वर कपड्यांचे पांघरूण घातले होते. अशा बारीक तारेवर साधारण ४ अँपिअरहून अधिक भार टाकू नये असा तज्ज्ञांचा दंडक आहे, आणि तोही तार मोकळी पसरलेली असताना. आम्ही त्याच्या दुपटीवर गेलो होतो.

कटंगीस आल्यावर हे गणित मी नववी-दहावीच्या मुलांना मोठ्या उत्साहाने सांगितले. पुरते शहाणपण आले अशा समजुतीत मी होते. तेव्हा दोन मुलांनी मला पेचात टाकले. त्यांनी घरातील जुना १०० वॅटचा बल्ब आणि एक साधा मल्टिमीटर आणला. बल्ब कोठेही न जोडता, थंड असतानाच, त्याचा रोध मोजला. तो भरला ४० ओहम. मग त्यांनी माझ्याच रीतीने हिशेब केला. २३० भागिले ४०, म्हणजे पावणेसहा अँपिअर. २३० गुणिले पावणेसहा, म्हणजे तेराशे वॅटहून अधिक! त्यांतील एकाने अगदी गंभीर चेहऱ्याने विचारले, "बाई, बल्बवरचा आकडा खोटा, की तुमचे सूत्र खोटे?"

उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही, आणि "उद्या सांगते" असे म्हणून मी वेळ मारून नेली. उत्तर असे आहे की दोन्ही खरे आहेत. धातू तापला की त्याचा रोध वाढतो. बल्बमधील टंगस्टनची तार पेटली म्हणजे अडीच हजार अंश सेल्सियसच्या आसपास जाते, आणि तिचा रोध थंड स्थितीच्या बारा-तेरा पट होतो. पेटलेल्या बल्बचा रोध २३० चा वर्ग भागिले १००, म्हणजे ५२९ ओहम. मुलांनी मोजला तो झोपलेल्या बल्बचा. बटण दाबल्याबरोबर क्षणभर खरोखरच पाच-सहा अँपिअर धाव घेतात. तार तापताच रोध वाढून प्रवाह अर्ध्या अँपिअरच्याही खाली येतो. जुने बल्ब बहुधा बटण दाबतानाच का फुटत, याचा उलगडाही येथेच होतो. तेव्हा दाब आणि प्रवाह यांवरून रोध काढावयाचा तर दोन्ही आकडे एकाच वेळचे, एकाच स्थितीतील असले पाहिजेत. आता घरोघरी आलेले एलईडी दिवे तर दाब आणि प्रवाह यांचे असे सरळ प्रमाण मुळीच पाळत नाहीत. ओहमचा नियम सर्व वस्तूंस सर्व काळी लागू पडतो, असे समजणे भाबडेपणाचे आहे.

मग ज्याचा रोध उष्णतेने बदलत नाही असा धातू आहे काय? शुद्ध धातू नाही, पण मिश्रधातू आहे, आणि त्याची कथा आपल्या बालाघाट जिल्ह्यातील मुलांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याचे नाव मँगनिन. एडवर्ड वेस्टन या संशोधकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो तयार केला. शंभर भागांत सुमारे ८४ भाग तांबे, १२ भाग मँगनीज आणि उरलेले निकेल. त्याचा रोध तांब्याच्या पंचवीसपटींहून अधिक, आणि नेहमीच्या हवामानात तो जवळजवळ अचल राहतो. म्हणून प्रयोगशाळांतील प्रमाण रोध आणि प्रवाह मोजण्याच्या यंत्रांतील पट्ट्या या धातूच्या करतात. आता आपल्या जिल्ह्याचा नकाशा पाहा. पूर्वेकडे मलाजखंडला हिंदुस्थान कॉपरची तांब्याची खाण. बालाघाटशेजारी भरवेली आणि इकडे आपल्या जवळ तिरोडी, येथे मॉईलच्या मँगनीजच्या खाणी. वेस्टनला हवे असलेले दोन्ही मुख्य धातू एकाच जिल्ह्याच्या मातीत आहेत. येथील मँगनीज मुख्यतः पोलादाच्या कामी जाते, हे खरे. पण विजेरीच्या साध्या घटात जी काळी पूड असते तीही मँगनीजचीच असते, आणि घटासाठी लागणारी शुद्ध पूड तयार करण्याचा मॉईलचा कारखाना शेजारच्या भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्ग येथे उभा राहिला. कटंगीच्या मुलास विजेचा पाठ परका वाटण्याचे कारण नाही.

रोध हा सर्वत्र शत्रू नसतो, हेही येथेच सांगते. पाणी तापविण्याच्या सळईत निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूची तार असते. तिचा रोध तांब्याच्या साठपटींहून अधिक. तेथे आपणांस उष्णताच हवी असते, म्हणून तो रोध आपला नोकर. तोच सळईकडे जाणाऱ्या तारेत असेल तर चोर. मधल्या तारेचा रोध वापरण्याच्या वस्तूच्या रोधापुढे जितका नगण्य, तितकी जोडणी उत्तम.

ही चोरी टाळण्याचा एक मार्ग म्हणजे जाड तार. दुसरा मार्ग अधिक चतुर आहे, आणि तो विदर्भातच पाहावयास मिळतो. चंद्रपूरपासून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची वीजवाहिनी १९९९ साली सुरू झाली. तिच्यातून १५०० मेगावॅट वीज नेता येते. ही वाहिनी एकदिश प्रवाहाची आहे, त्यामुळे तिला आपले साधे सूत्र सरळ लावता येते. एका तारेवर अधिक पाच लाख व्होल्ट, दुसरीवर उणे पाच लाख, म्हणजे दोहोंमध्ये दहा लाख व्होल्टचा दाब. १५०० मेगावॅटला दहा लाखांनी भागा. प्रवाह येतो केवळ १५०० अँपिअर. हीच शक्ती आपल्या घरच्या २३० व्होल्टने न्यावयाची म्हटली तर प्रवाह होईल पासष्ट लाख अँपिअर, आणि त्यासाठी तांब्याच्या तारा नव्हे, तांब्याचे डोंगर लागतील. १५०० अँपिअरचा वर्ग साडेबावीस लाख. म्हणजे वाटेतील रोधाच्या प्रत्येक ओहममागे साडेबावीस लाख वॅट वाया जातात. दाब निम्मा ठेवला असता तर प्रवाह दुप्पट होऊन प्रत्येक ओहममागे नव्वद लाख वॅट गेले असते. दूरच्या विजेला इतका प्रचंड दाब का द्यावा लागतो, हे मला तरी या एका भागाकाराने जसे पटले तसे कोणत्याही वर्णनाने पटले नव्हते.

आता पुन्हा गावात येऊ. वाहिनीच्या शेवटच्या खांबावर ज्यांची घरे आहेत त्यांना संध्याकाळी दिवे मंद होण्याचा अनुभव असतो. लोक म्हणतात, 'लाइट कमी येते.' खरोखर कमी येतो तो दाब, कारण लांब तारेच्या रोधात काही व्होल्ट खर्ची पडतात आणि सर्वांनी एकदम वापर सुरू केला की प्रवाहाबरोबर हा खर्चही वाढतो. समजा, २३० ऐवजी १८० व्होल्टच आले. १००० वॅटच्या सळईची शक्ती किती होईल? १८० चा वर्ग भागिले ५२.९, म्हणजे ६१२ वॅट. दाब पाचव्या हिश्शाहून थोडा अधिक घटला, पण शक्ती दोन पंचमांश घटली. बादली तापण्यास दीडपटीहून अधिक वेळ लागेल. सळईचे नुकसान मात्र काही होणार नाही.

पंपाच्या मोटारीचे असे नाही. तिला विहिरीतील पाणी वर चढवावयाचेच असते. दाब कमी पडला की ती काम सोडत नाही, उलट अधिक प्रवाह ओढते, आणि वर्गाच्या नियमाने तिची आतील वेटोळी तापू लागतात. उन्हाळी धानाच्या दिवसांत मोटारी जळतात त्यांतील कित्येकींचे मूळ येथे असते. मोटारीच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी सांगावयास हवी. तिच्यातील प्रवाह दाबाच्या थोडा मागे पडून चालतो, म्हणून व्होल्ट आणि अँपिअर यांचा नुसता गुणाकार केला तर खऱ्या शक्तीहून मोठा आकडा येतो. म्हणून मोटारीच्या पाटीवर एक अश्वशक्ती, म्हणजे ७४६ वॅट, लिहिलेली असूनही प्रवाहाचा आकडा त्या मानाने बराच मोठा दिसतो. हे प्रकरण वरच्या वर्गाचे आहे. येथे एवढेच ध्यानात ठेवावे की सळई, इस्त्री आणि शेगडी यांना लागणारा हिशेब मोटारीस जशाचा तसा लागत नाही.

पंपाचा विषय निघाला आहे तेव्हा मनुष्यदेहाचाही हिशेब करू. हेन्री कॅव्हेंडिश नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने ओहमच्या आधी चाळीसएक वर्षे, मोजण्याचे यंत्र नसल्यामुळे, स्वतःच्या अंगाला बसणाऱ्या झटक्याच्या जोरावरून प्रवाहाची तुलना केली होती. त्याच्या धाडसाचे कौतुक करावे, अनुकरण मुळीच करू नये. कोरड्या त्वचेचा रोध पुष्कळ असतो. चिखलात अनवाणी उभ्या असलेल्या, ओल्या हातांच्या माणसाचा रोध हजार ओहमपर्यंत किंवा त्याहूनही खाली येऊ शकतो. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर. घरांतून बसविण्याची आरसीसीबी नावाची कळ विजेची गळती ०.०३ अँपिअर झाली की मंडल तोडते, कारण त्यापुढे जिवास धोका आहे. आपला आकडा त्याच्या साडेसातपट निघाला. बांधीत पाय बुडवून उघड्या बटणाला हात लावणारे आपल्या वर्गातही आहेत. नावे लिहीत नाही, त्यांना ती ठाऊक आहेत. त्यांनी हा भागाकार वहीत एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावा.

ज्यांना प्रयोग करून पाहावयाचा आहे त्यांनी भिंतीतील वीज सोडून विजेरीचे घट घ्यावेत. दोन घट एकापुढे एक ठेवले की तीन व्होल्ट होतात. विजेरीचा लहान दिवा आणि दोन्ही टोकांनी तासलेली पेन्सिल मंडलात जोडावी. पेन्सिलीचे शिसे वस्तुतः शिसे नसून ग्रॅफाइट असते, आणि त्याचा रोध या कामी सोयीचा असतो. आखूड पेन्सिल जोडली तर दिवा उजळ, लांब जोडली तर मंद. जवळ मल्टिमीटर असेल तर प्रत्येक वेळी पेन्सिलीच्या दोन टोकांमधील दाब आणि मंडलातील प्रवाह टिपून घ्यावा आणि भागाकार करावा. कोलोनच्या शाळेत ओहमने तांब्याच्या तारा बदलून जे केले ते तुम्ही पेन्सिली बदलून केले, असे होईल. दिव्याचाही रोध काढून पाहा. तो दर वेळी थोडा निराळा येईल, आणि तो का, हे वर सांगितलेच आहे.

यंदाच्या आमच्या संमेलनात रंगमंचावर ५० वॅटचे चार एलईडी दिवे होते. २०० भागिले २३०, म्हणजे एक अँपिअरही नाही. ती जुनी अर्ध्या मिलिमीटरची तार असती तरी तिच्यात सुमारे एक वॅट उष्णता निघाली असती, पूर्वीच्या ९५ च्या ठिकाणी. हा हिशेब मुलांनी फळ्यावर मला करून दाखविला, आणि म्हणून रीळ गुंडाळलेलेच राहू द्यावे असा आग्रह धरला. मी ते सगळे उलगडावयास लावले. तेवढ्यात कोणीतरी त्याच तारेवर चहाची विजेची किटली जोडली होती. तिच्या बुडाशी १५०० वॅट लिहिलेले होते.